मूकपटाला पेटीची साथ कशी द्यायची? (आणि आधीच्या दोन रविवारांची हकिकत)

लष्करची सून, ग्वाल्हेर

नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय तो कळायचा नाही. थोडं लांबेल.

आमच्याकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एक छोटं थिएटर आहे, बहात्तर खुर्च्यांचं. मालक एकटेच सगळं बघतात. त्यांनी महिनाभर रविवारी सकाळी दहाचा खेळ आम्हा मराठी मंडळींना दिलाय. अट एकच, चाळीस तिकिटं खपली तरच एसी लागेल.

पहिल्या रविवारी ‘संत तुकाराम’ ठेवला, प्रभातचा, 1936 चा. छत्तीस तिकिटं गेली, म्हणजे एसी नाही. त्यात प्रत लॅपटॉपवरून लावलेली आणि कुणीतरी चित्र ओढून पडदाभर केलेलं. विष्णुपंत पागनीस आडवे वाढलेले, जिजाईची म्हैस तर हत्तीएवढी. मागून एक काका म्हणाले, “तुकोबांना वैकुंठातलं जेवण आधीच मानवलेलं दिसतंय.” सगळे हसले, मी सोडून. कारण तिकिटं मी विकली होती. अर्ध्या तासाने मालकांच्या पुतण्याला सेटिंग सापडलं, चित्र आपल्या जवळजवळ चौकोनी आकारात आलं, दोन्ही बाजूंना काळे पट्टे. तर तेच काका म्हणतात, आता पडदा लहान का केला?

दुसऱ्या रविवारी ‘श्यामची आई’ (1953). सगळं सुरळीत झालं, म्हणून सांगण्यासारखंही फार नाही. अडुसष्ट तिकिटं. पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा हा चित्रपट. पण आमच्याकडची गर्दी त्यासाठी नव्हती, श्यामची आई झालेल्या वनमालाबाईंसाठी होती. त्या मूळच्या सुशीला पवार, वाढल्या इथे, आणि 2007 मध्ये गेल्या त्याही इथेच. नावं सुरू झाली तशा सासूबाई शेजारणीला कोपराने ढोसून म्हणाल्या, “ही आपली बरं का.” मी माहेरची नागपूरची. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, मला अजून कुणी “आपली” म्हणालेलं नाही. असो.

आता येत्या रविवारी फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ (1919). मूकपट, म्हणून साथीला पेटी-तबला प्रत्यक्ष. ग्वाल्हेरात वादकांना काय तोटा, असं वाटलं होतं. गुरुवारी तालीम झाली, तेव्हा दोन गोष्टी बिघडल्या.

एक, पडद्यावरची सगळी माणसं तापलेल्या तव्यावर उभी असल्यासारखी पळतात. छोटी मुलं खिदळली, पण कृष्णाच्या वेळी हसू यायला नको.

दोन, आमचे पेटीचे सर. निवृत्त संगीत शिक्षक, मोठा माणूस. म्हणाले, सकाळचे दहा म्हणजे राग अल्हैया बिलावल, त्या वेळी दुसरं काही माझ्या हातून वाजणार नाही. डोळे मिटून आलाप सुरू केला. डोळे उघडले तोवर कालिया शरण येऊन निघूनही गेला होता. बिलावल उत्तम झाला, त्याबद्दल वाद नाही.

तर प्रश्न असा: वेग कसा ठीक करायचा, आणि सरांना न दुखावता काय सांगायचं?

जुना ऑपरेटर, इंदूर

ताई, मशीनवर एकतीस वर्षं काढली. कार्बन जाळून उजेड करायचो तेव्हापासून. वेगाचं सांगतो.

फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी, म्हणजे फ्रेम. बोलपट सेकंदाला चोवीस चौकटींनी चालतो, म्हणजे हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. तेच रीळ सोळाने फिरवलं तर साडेसोळा मिनिटं पुरतं. फाळक्यांच्या काळी कॅमेरा हाताने फिरवत, साधारण सोळा ते अठराच्या आसपास, हात दमला की कमी. पुढे आवाजाची पट्टी फिल्मवरच आली. वेग हलला की गाण्याचा सूर हलणार, म्हणून चोवीस कायमचे ठरले. तुमची प्रत कुणीतरी चौकटीला चौकट धरून चोवीसवर उतरवली असणार, म्हणून ती पळते.

लॅपटॉपवर वेग पाऊणपट करा, अठरा होतील. मात्र काही प्रतींमध्ये उतरवतानाच वेग सुधारलेला असतो. तुमची तशी नाही हे तव्यावरून कळलंच, तरी एकदा खात्री करा. आणि माणसांच्या चालीवर जाऊ नका, ती फसवते. पाणी बघा. शिंतोडा वर जाऊन खाली पडायला जेवढा वेळ घेतो तेवढा घेतला पाहिजे. तुमच्या पिक्चरमध्ये यमुना आहे, म्हणजे सोय झालीच.

पहिल्या रविवारचा घोटाळा तर दोन मिनिटांत पकडता येतो. खेळाच्या आदल्या रात्री चालू पिक्चरमध्ये एखादी गोल वस्तू शोधा. ताट, चाक, घागरीचं तोंड. समोरून घेतलेलं ताट पडद्यावर लंबगोल दिसलं की समजा चित्र ओढलंय. आम्ही सिनेमास्कोपची, म्हणजे रुंद पिक्चरची, लेन्स लावायला विसरलो तर उलट व्हायचं, नायिका बांबूसारखी. पब्लिक शिट्ट्या मारायचं, बटण वगैरे नव्हतं तेव्हा. एकदा तर हिरोईनच्या ऐवजी...

जाऊ द्या, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कोथरूडकर

‘कालिया मर्दन’ दाखवायला हक्कांची अडचण नाही. आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. 1919 चा कधीच मोकळा झाला, तुमचे आधीचे दोन्हीही. पण प्रत ज्यांच्याकडून घेतली त्यांच्या अटी वेगळ्या असतात, तिकीट लावायला त्यांची हरकत नाही ना, हे लेखी घ्या.

जाता जाता, चौथ्या रविवारी काय आहे? ठरलं नसेल तर चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ बघा. ‘संत तुकाराम’चा 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला होता, ‘कोर्ट’ला 2014 मध्ये तिथेच होरायझन्स विभागात पहिला पुरस्कार मिळाला. एकाने महिना उघडायचा, दुसऱ्याने मिटायचा. याचे मात्र हक्क जिवंत आहेत, परवानगी आणि पैसे दोन्ही लागतील. त्यातल्या कोर्टाच्या तारखा बघून तुमचे काका म्हणतील, लवकर आटपा. तोच तर चित्रपट आहे.

सयाजीनगरी, बडोदे

सरांना काहीच सांगू नका. त्यांचं चुकलेलं नाही, काम चुकीच्या माणसाला दिलंय.

कीर्तनातला पेटीवाला शोधा. मी अकरा वर्षं बुवांच्या मागे पेटी धरली आहे, म्हणून सांगतो. मैफिलीतला वादक रागाच्या तंत्राने जातो, आम्ही बुवांच्या तोंडाकडे बघून. आख्यानात बुवा कुठे थांबतील, कुठे एकदम साकी नाही तर दिंडी वृत्तातलं पद उचलतील, कुठे नुसतंच बोलत राहतील, काही सांगता येत नाही. बोलणं चालू असताना बारीक सूर धरून ठेवायचा, मुद्दा आला की भरायचं, बुवांनी श्वास घेतला की गप्प बसायचं. तुमच्या रविवारी पडद्यालाच बुवा समजायचं, बस्स.

पेटी पडद्याच्या एका अंगाला तिरकी ठेवा, म्हणजे वादकाला मान न मोडता चित्र दिसेल. दिवा अगदी मंद, आणि वर कागदाची टोपी, नाहीतर उजेड पडद्यावर जातो. सुरुवातीला फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, म्हणजे जी कृष्ण झालीय ती, नुसते चेहऱ्याचे भाव दाखवते. सात वर्षांची पोर आहे. तिथे तबला नकोच, पेटीही दोन बोटांची. आणि डोहात उडी मारल्यावर दोघांनी हात उचलायचे. पूर्ण शांतता. कितीही मोह झाला तरी.

लष्करची सून, ग्वाल्हेर

जुना ऑपरेटरदादा, वेग पाऊणपट केला, आता माणसं माणसासारखी चालतात. पाण्याची युक्ती तंतोतंत लागू पडली. त्या हिरोईनचं काय झालं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सयाजीनगरी, तुमचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या गल्लीतल्या मंदिरात दरवर्षी कीर्तन सप्ताह असतो, तिथला पेटीवाला गाठला. दिवसा त्याचं हार्डवेअरचं दुकान. म्हटलं, आधी एकदा पिक्चर बघून घ्या. तर म्हणतो, “बुवा काय आधी आख्यान ऐकवतात का मला?” सरांना तानपुरा धरायची विनंती केली. क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग म्हणाले, सूर मी लावून देतो, त्याच्या पेटीच्या भरवशावर राहू नका.

लष्करची सून, ग्वाल्हेर

रविवारचा अहवाल. एकसष्ट तिकिटं, एसी चालू.

मंदाकिनीच्या चेहऱ्यावर त्याने खरंच दोनच बोटं ठेवली. खोड्या सुरू झाल्या तशी पेटी जरा खोडकर झाली, तबलेवाल्याने केरवा धरला. पडद्यावर मजकुराच्या पाट्या आल्या की आजोबा-आजी नातवंडांना मोठ्याने वाचून दाखवत होते, तेव्हा तो आपोआप खाली यायचा. कुणी सांगितलं नव्हतं. मी पडदा कमी आणि त्याच्याकडेच जास्त बघत होते. भाता डाव्या हाताने हलतोय न हलतोय, मान वर, तोंड थोडं उघडं. गिऱ्हाईकाला खिळे मोजून देतानाही हा असाच बघत असेल.

कृष्णाने उडी मारली. दोघांनी हात उचलले. फक्त सरांचा तानपुरा राहिला, आणि एसीची घरघर. माझ्या पुढच्या रांगेतल्या पोराने विचारलं, “आई, तो वर आला का?” कुणीही त्याला गप्प केलं नाही.

तो वर आला तेव्हा पेटी एवढ्या जोरात भरली की मालक बाहेरच्या खिडकीतून आत बघायला आले.

‘कोर्ट’साठी पत्र पाठवलंय, उत्तर यायचंय. सर निघताना पेटीवाल्याजवळ थांबले. मी कान टवकारून उभी. म्हणाले, “शेवटची भैरवी बाकी वेळेला धरून झाली.”