शेवाळाच्या अर्काला झोन येतच नाही, तातडीने मदत हवी

फतेहगंज_मायक्रो:
चौथ्यांदा प्लेट कोरी! समुद्री शेवाळाचा अर्क कागदी डिस्कवर टाकून बॅक्टेरियाच्या प्लेटवर ठेवला, २४ तास इन्क्युबेट केलं, झोन (डिस्कभोवती बॅक्टेरिया न वाढलेलं मोकळं वर्तुळ) शून्य. रिसर्च पेपरात दिलंय तसंच केलंय. गुरुवारी गाईडना दाखवायचंय. चुकतंय कुठे?

रावपुऱ्याची_रेवा:
कुठलं शेवाळ? अर्क कशात काढलास? कुठल्या बॅक्टेरियावर लावलास?

दांडियाबाजार_काका:
शेवाळ सोड बाळा, स्पंज घे. रक्ताच्या कर्करोगावरचं सायटाराबिन कॅरिबियन समुद्रातल्या स्पंजमधल्या रेणूंवरूनच सुचलं, १९६९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. खरा खजिना तिथे आहे.

रावपुऱ्याची_रेवा:
काका, त्याला गुरुवार गाठायचाय. आणि आपल्या गुजरातेत ओख्यापासून जोडियापर्यंत मरीन नॅशनल पार्क आहे, तिथे परवानगीशिवाय कशाला हात लावायचा नसतो. मुलांना असं सांगू नका हो.

दांडियाबाजार_काका:
उचलून आण कुठे म्हटलं मी? भावनगरला मीठ आणि समुद्री रसायनांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिथे रीतसर पत्र लिहावं.

अलकाताई:
प्लेटमधलं अगर म्हणजे आपलं चायना ग्रासच ना? तेही शेवाळाचंच. माझं दुधात नेहमी गुठळ्या होतं.

दांडियाबाजार_काका:
अलकाताई, आधी पाण्यात उकळून पूर्ण विरघळवा, मग गरम दुधात ओता. गार दुधात टाकलं की लगेच धरतं.

फतेहगंज_मायक्रो:
अहो, माझं काय?? सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ आहे, वेरावळला किनाऱ्यावर वाहून आलेलं. अगाशीत चार दिवस कडक उन्हात वाळवलं, पाण्यात उकळलं. ई. कोलाय बॅक्टेरियावर लावलं. एवढं सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं.

रावपुऱ्याची_रेवा:
अरे, सगळं त्यातच आहे! उन्हाने नाजूक संयुगं जातात. गोड्या पाण्याने मीठ धुऊन सावलीत वाळव. पाण्यात न विरघळणारी संयुगं चोथ्यातच राहिली, म्हणून मिथेनॉल घे. ई. कोलायला बाहेरून आणखी एक पडदा असतो, पुष्कळ अर्क तिथेच अडतात. आधी स्टॅफवर (स्टॅफिलोकोकस) बघ, त्याला तो पडदा नसतो. आणि तेलकट संयुगं अगरमध्ये पसरतच नाहीत, त्यामुळे कोरी प्लेट म्हणजे अर्क निकामी असं धरू नकोस. ब्रॉथमध्ये, म्हणजे पातळ माध्यमात, एमआयसी लाव, म्हणजे वाढ थांबवायला कमीत कमी किती अर्क लागतो ते बघ. माझं अख्खं सेमिस्टर यातच गेलंय.

फतेहगंज_मायक्रो:
ताई, थोडं शेवाळ न वाळवता फ्रीझरमध्ये ठेवलंय, त्याचा अर्क आज लावतो. पण विभागात स्टॅफ नाही. बॅसिलस सबटिलिस चालेल?

रावपुऱ्याची_रेवा:
चालेल, तोही ग्रॅम पॉझिटिव्ह, म्हणजे बाहेरचा पडदा नसलेला. डिस्क पूर्ण सुकवूनच ठेव आणि शेजारी नुसत्या मिथेनॉलची एक ठेव. नाहीतर मिथेनॉलचाच झोन घेऊन जाशील गाईडकडे.