‘दोन आटे फिरवले की झालं’? जुन्या कबच्या स्ट्रटवरून चर्चा

जुहूचा जुना एएमई

ओहायोतल्या ‘कब४६’ यांनी आपल्या १९४६ च्या पायपर जे-३ कब या छोट्या विमानाबद्दल परवा इथे लिहिलं: "सील्ड स्ट्रट बसवले, एडीची कटकट कायमची संपली. डावा पंख जड वाटत होता, मागच्या स्ट्रटचा फोर्क दोन आटे आत घेतला, आता काठी सोडली तरी सरळ उडतं. रिगिंगचा जुन्या लोकांनी उगाच बाऊ करून ठेवलाय." नवख्यांसाठी: स्ट्रट म्हणजे पंखाला धडाशी धरून ठेवणारी तिरकी नळी (सील्ड म्हणजे पाणी शिरू नये म्हणून बंद केलेली), तिच्या टोकाला आट्यांनी बसतो तो फोर्क, एडी म्हणजे विमान-सुरक्षेचा बंधनकारक आदेश, आणि रिगिंग म्हणजे पंखांचे कोन जुळवणं. मी एएमई, म्हणजे विमान-देखभाल अभियंता. दोन दिवस गप्प बसलो, पण हे वाचून उद्या दुसरा कोणी पाना उचलेल, म्हणून लिहितोय.

कटकट संपलेली नाही. एडी ९९-०१-०५ मध्ये दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि तिच्या जागी आलेल्या २०१५-०८-०४ मध्येही त्याच आहेत. स्ट्रटच्या नळीतला गंज दर २४ महिन्यांनी बघायचा, आणि फोर्कच्या आट्यांतल्या चिरा दर ५०० तासांनी. सील्ड स्ट्रट घेतल्यावर पहिली गेली. दुसरीचं काय? नव्या नळीत जुनेच फोर्क पिळलेत का? तुमच्या लिखाणात फोर्क नवे घेतल्याचा एक शब्द नाही.

आणि ते दोन आटे. मागचा स्ट्रट आखूड केलात म्हणजे मागचा स्पार (पंखातली लांब तुळई) खाली ओढलात, डाव्या पंखाचं वॉशआउट, म्हणजे टोकाचा कोन मुळापेक्षा कमी ठेवणारा पीळ, खाल्लंत. पंख उचलला जाणारच! पण तो क्रूझमध्ये उचलला. स्टॉलमध्ये, म्हणजे हळू उडताना पंखाची उचल तुटते तेव्हा, तोच पंख टोकाकडून आधी सोडेल आणि विमान कलतं सावरणारा एलेरॉन नेमका तिथेच आहे. तुम्ही जडपणा काढला नाही, तो ताशी ६५ मैलांवरून ४० मैलांवर नेऊन ठेवलात.

एका क्लबात ग्लायडर ओढायला सुपर कब होतं. स्ट्रट बाहेरून असे चकचकीत की तोंड दिसावं. पावसाळ्यानंतर खालचा बोल्ट काढून स्ट्रट उलटा केला तर ओंजळभर तांबडा भुगा पडला. खालच्या टोकापासून चार बोटांवर स्क्रूड्रायव्हर टेकवला तो आत गेला. त्याच सकाळी त्या विमानाने सहा टो केले होते. तेव्हापासून स्ट्रट म्हटलं की मी आवाज चढवतो, आणि चढवणार.

कब४६

काका, वयाचा मान राखून सांगतो, मी काल शिकायला लागलेलो नाही. स्ट्रट बदलताना परवानाधारक मेकॅनिक सोबत होता, त्याची सही आहे. फोर्क जुने आहेत, खरं आहे. पण घासून पुसून दहापट भिंगाखाली बघितले, एकही चीर नाही. आणि जे-३ ३८ मैलांना स्टॉल होतं. गवतावर उतरणारं, बारा गॅलनचं विमान. त्याला तुम्ही लढाऊ विमानाचे नियम लावताय.

तुमची सुपर कबची गोष्ट वाईटच आहे, पण ती उघड्या स्ट्रटची आहे. मी सील्ड घेतले ते त्याचसाठी. मग मलाच का ऐकवताय?

सांगलीची सीएफआय

‘गवतावर उतरणारं विमान’ या वाक्यावर मला बोलायचंच आहे. मी टेक्सासमध्ये सीएफआय, म्हणजे उड्डाण-प्रशिक्षक आहे, टेलड्रॅगरच (शेपटीखाली चाक असलेली विमानं) जास्त. एका मालकाचं चँप (एरोंकाचं छोटं विमान) होतं, काठी सोडली की रुळावरून चालल्यासारखं जायचं, तो सगळ्यांना तेच दाखवायचा. पॉवर-ऑन (इंजिन जोरात ठेवून केलेल्या) स्टॉलला मात्र दर वेळी उजवा पंख पडायचा. जरा नाही, पूर्ण. विद्यार्थ्याने घाबरून डावीकडे काठी मारली आणि आम्ही स्पिनमध्ये, म्हणजे गिरक्या घेत खाली, गेलो. तीन हजार फुटांवर होतो म्हणून आज लिहितेय. उतरायच्या आधी जमिनीजवळ, बेसवरून फायनलला वळताना झालं असतं तर ३८ मैल आणि गवत काही कामाला आलं नसतं.

खाली येऊन लेव्हल लावली. उजव्या पंखाचं टोक आणि मूळ जवळजवळ एका कोनात. आधीच्या कोणीतरी ‘दोन आटे’ फिरवले होते. लॉगबुकात एक ओळ नाही.

दादा, काठी सोडून उडणं ही रिगिंगची परीक्षा नाही. सरळ स्टॉल होणं ही आहे.

नागपूरकर

सगळे सील्ड-सील्ड करताहेत, पण ज्यांच्याकडे अजून उघडे स्ट्रट आहेत त्यांच्यासाठी सांगतो. ते काही भंगार नाहीत. तपासून चांगले निघाले, आतून जवसाचं तेल फिरवलं, नीट निथळू दिलं, की वर्षानुवर्षं चालतात. तेल मात्र कच्चं घ्या. बाजारात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळतं ते उकळलेलं नसतं, त्यात लवकर सुकायला धातूचे क्षार घातलेले असतात. ते आत साय धरून बसतं आणि सांध्यांत शिरायच्या आधीच सुकतं. कच्चं पातळ राहतं, जिथे पाणी शिरतं तिथे तेही शिरतं.

डेटनचा मिस्त्री

कच्चं अजिबात नको. कच्चं तेल आठवडेच्या आठवडे सुकत नाही. स्ट्रट खाली तिरका असतो, सगळं तेल खालच्या टोकाला गोळा होतं, निथळायचं भोक चिकट होऊन बुजतं, मग पाणी आत अडकलं तर जायला वाटच नाही. मी पस्तीस वर्षं बॉइल्ड वापरतोय, एक स्ट्रट फेल झाला नाही.

नागपूरकर

पस्तीस वर्षं फेल झाला नाही म्हणजे तेल चांगलं, हे कोणतं गणित जी? कच्चं तेल ओतून ठेवलेल्या एका स्ट्रटवर पाचव्या दिवशी बाहेरून टाचणीच्या टोकाएवढा ओला ठिपका दिसला. पुसला, परत आला. नळीला सुईएवढं छिद्र होतं, डोळ्यांना दिसलं नव्हतं, दाबूनही कळलं नव्हतं. तेलाने दाखवलं. तुमचं बॉइल्ड त्या छिद्रात सुकून बूच झालं असतं आणि स्ट्रट परत विमानाला लागला असता.

डेटनचा मिस्त्री

तेल हे संरक्षण आहे, तपासणी नाही. छिद्र शोधायला तेलावर विसंबायची वेळ आली तर तुमची आधीची तपासणीच कच्ची.

सांगलीची सीएफआय

दोघांनाही विनंती. तेल कोणतंही वापरा, त्या चिंध्यांचं काय करता ते आधी सांगा. आमच्या शेजारच्या हँगरमध्ये जवसाच्या तेलाच्या चिंध्या खोक्यात कोंबून मंडळी जेवायला गेली. परत आली तेव्हा खोकं पेटलेलं, वर भिंतीवर नव्या कापडाची गुंडाळी. काडी लावायला कोणी नव्हतं. ते तेल सुकताना तापतं, आणि गोळा करून ठेवलेल्या चिंध्यांत ती उष्णता कोंडते. चिंध्या पसरून वाळवा किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

नागपूरकर

हे शंभर टक्के खरं. आणि बॉइल्ड लवकर सुकतं म्हणून जास्त लवकर तापतं, हेही त्यात लिहा.

डेटनचा मिस्त्री

चिंध्यांपुरतं मान्य. तेलापुरतं नाही.

कब४६

माझ्या विमानात तेलच घालायचं नाहीये! निम्मी उत्तरं जवसावर. मी फोर्कबद्दल विचारतो. दहापट भिंगाखाली चीर नाही तर नाही. अजून काय हवं?

बंगळूरची स्ट्रक्चर्सवाली

भिंगाला पृष्ठभागावर उघडलेली चीर दिसते, तीही उजेड बरोबर पडला तर. आट्याच्या तळाशी, जिथे ताण एकवटतो, तिथली बारीक चीर आट्याच्या सावलीतच राहते. म्हणूनच फोर्कसाठी मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी सांगितलीय. चुंबकत्व दिलं की चिरेवर लोखंडाची भुकटी रांगेने बसते, मग वाद घालायला जागा उरत नाही. तुमचे जुने फोर्क कापलेल्या आट्यांचे आहेत की दाबून रोल केलेल्या? कापलेल्या आट्याचा तळ टोकदार असतो आणि धातूचे तंतू तुटलेले असतात, चीर तिथूनच निघते. हा प्रश्न मेकॅनिकला विचारला होतात का?

अजून एक. पंखाचा मजबूतपणा आणि स्ट्रटचा मजबूतपणा वेगळा धरू नका. पस मॉथ हे जुनं विमान आठवा. १९३२ च्या ऑक्टोबरात जेआरडी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते याच जातीच्या विमानात. त्याच काळात पस मॉथ हवेत मोडून पडत होती. शेवटी दोष निघाला व्ही स्ट्रटचा. वेगात, खळबळीच्या हवेत तो वाकत होता. उपाय काय केला? मधल्या भागाला टेकू देणारा एक छोटा ज्युरी स्ट्रट. कबवर जो बारीक नळीचा टेकू आपण विमान ढकलताना हातात धरतो, त्याचं मोल तेवढं आहे.

जुहूचा जुना एएमई

शाब्बास पोरी. ज्युरी स्ट्रटला धरून ढकलणारे मी आयुष्यभर हाकलले. उड्डाणात मुख्य स्ट्रट ताणात असतो, सगळ्यांना तेवढंच आठवतं. उलट झटका बसला की तोच दाबात जातो, आणि बारीक लांब नळी दाबात वाकते.

पुष्पकवर शिकलेली आमची पिढी हे विसरत नाही. विमानरचनाकार घाटगेसाहेबांच्या काळात एचएएलने केलेलं ते विमान, १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं, एरोंकाच्या घराण्यातलं. क्लबाक्लबांतून आमच्या पोरांनी त्याच्यावर हात बसवला. आता कुठे छताला टांगलेलं दिसतं, कुठे भिंतीशी सडताना दिसतं. रिगिंग शिकवायला समोर विमान नाही, आणि मग लोक ‘बाऊ’ म्हणतात. याचं मला फार वाईट वाटतं.

डेटनचा मिस्त्री

काका, वाईट वाटतं ठीक, पण तुमची पिढीही मोल टेस्टर (टोक दाबून मजबुती बघायचं उपकरण) नळीवर दाबून ‘खळगा पडला नाही, पास’ म्हणायची. खालच्या ११ इंचांवर ८० च्या आकड्यापर्यंत दाबायचं. किती जण आकडा बघून दाबतात? अल्ट्रासॉनिकने जाडी मोजा, आकडा लिहा, विषय संपला.

जुहूचा जुना एएमई

अल्ट्रासॉनिक चांगलं, मोजणाऱ्याने रंग काढून मोजलं तर. रंगावरून मोजून खोटी जाडी लिहिलेली मी पाहिली आहे. आकडा बघून न दाबणारे आमच्यात होते, हे मात्र नाकारत नाही.

कब४६, आता तुमच्यासाठी, शांतपणे. लेव्हलमध्ये विमान उभं करा, आडवं आणि उभं दोन्ही. पुढच्या स्ट्रटने डायहेड्रल (टोकाकडे पंखाची चढण), मग मागच्याने वॉशआउट, दोन्ही पंख आधी पुस्तकातल्या मापावर. मग उडवा. तरीही डावा जड असेल तर एलेरॉन बघा, शेपटीच्या तारा बघा, तुमच्या जे-३ ला आडवी घसरण दाखवणारा चेंडू नसेल तर एक बसवून पाय कुठे जातोय ते बघा. त्यानंतरच स्ट्रट, आणि तोही दोन्ही बाजूंना वाटून, डावा अर्धा फेरा आखूड, उजवा अर्धा फेरा लांब. फोर्क तसाही अर्ध्या फेऱ्यानेच सरकतो. बोल्ट काढण्याआधी पंखाखाली घोडी लावा. आणि लांब करताना किती आटे नळीत राहिले ते मोजल्याशिवाय बोल्ट घालू नका. आट्यांवर लटकलेला पंख मला स्वप्नात नको.

कब४६

शनिवारी लेव्हल लावली. डाव्या पंखाचं वॉशआउट उजव्याच्या निम्म्याहून कमी निघालं. ठीक आहे, ते माझंच काम. पुस्तकावर परत आणलंय. चारही फोर्क काढून मॅग्नेटिक पार्टिकलला पाठवलेत. मेकॅनिकलाही ते कापलेले की रोल केलेले हे ठाऊक नव्हतं, आणि लॉगमध्ये त्याने ‘स्ट्रट बदलले’ एवढंच लिहिलंय, आट्यांबद्दल काही नाही. याचा मला राग आलाय, त्याचा आणि माझाही.

पण ‘बाऊ’ हा शब्द मी मागे घेत नाही. हे सगळं पहिल्याच दिवशी असं सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं.

जुहूचा जुना एएमई

शब्द ठेवा तुमच्याकडे. लॉगमध्ये मात्र स्वतःच्या हाताने लिहून मेकॅनिकची सही घ्या: कोणता स्ट्रट, किती अर्धे फेरे, आत की बाहेर, आधीचं माप, नंतरचं माप. तुमच्यानंतर हे विमान ज्याच्याकडे जाईल त्याने अंदाज बांधू नये.

नागपूरकर

आणि काढलेले जुने उघडे स्ट्रट कुणाला देणार असाल तर आधी तपासा, मग आतून तेल द्या. कच्चं.

डेटनचा मिस्त्री

बॉइल्ड.