मदत हवी आहे: मूत्रवाहिनीच्या स्ट्रिक्चरला ५२३४१ की ५२३४४?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरातून अमेरिकन युरॉलॉजीचं कोडिंग करते, म्हणजे तिथल्या मूत्रविकारांच्या उपचारांना विमा बिलासाठी कोड लावते. एका केसवर दोन दिवस अडकले आहे. प्रश्न सीपीटी (अमेरिकेतले प्रक्रियांचे कोड) मधल्या दोन कोडांचा: मूत्रवाहिनीच्या स्ट्रिक्चरवर (आवळलेल्या जागेवर) सिस्टोस्कोपमधून (मूत्राशयात घालायची दुर्बीण) उपचार म्हणजे ५२३४१, आणि युरेटरोस्कोपसह (मूत्रवाहिनीत जाणारी दुर्बीण) उपचार म्हणजे ५२३४४.

ऑप नोट (शस्त्रक्रियेची नोंद) अशी: सिस्टोस्कोप आत, डाव्या मूत्रवाहिनीत गाइडवायर, फ्लुरोस्कोपीखाली (चालू एक्स-रेवर बघत) बलून फुगवला, त्याची मधली आवळलेली कंबर नाहीशी होईपर्यंत. मग युरेटरोस्कोप तिथूनच वर नेऊन नुसती पाहणी. शेवटी डीजे स्टेंट (मूत्रवाहिनी उघडी ठेवणारी नळी). लेझर नाही, खडाही नाही. डायलेशन (रुंद करणं) स्कोप आत नेण्यापुरतं नव्हतं, उपचार तोच होता. सीटीत हायड्रोनेफ्रोसिस (लघवी साचून मूत्रपिंड फुगणं) आहे, म्हणून निदानाचा कोड एन१३.१ (स्ट्रिक्चरसह हायड्रोनेफ्रोसिस) घेतलाय; एन१३.५ (हायड्रोनेफ्रोसिसशिवाय स्ट्रिक्चर) नाही. स्टेंटला ५२३३२ वेगळा.

आमच्या टीम लीडर मॅडम म्हणतात, युरेटरोस्कोप आत गेला म्हणजे ५२३४४. मला पटत नाही, कारण स्ट्रिक्चर त्याआधीच उघडलं होतं. सीपीटीतलं वर्णन पुन्हा पुन्हा वाचलं, पण हा क्रम त्यात कुठे स्पष्ट होत नाही. पाहणीचा ५२३५१ या दोन्हींसोबत लागत नाही, तेही बघितलं.

सर्जनना क्वेरी (लेखी विचारणा) एकदाच पाठवता येईल आणि क्लेम शुक्रवारी जायचा आहे. चुकीचा कोड जाऊ नये एवढीच तळमळ आहे.

बलून सिस्टोस्कोपमधून आणि युरेटरोस्कोपी नंतर, अशा क्रमात ५२३४४ ऑडिटमध्ये टिकतो का? क्वेरीत सर्जनना नेमकं काय विचारू?