फूट ड्रॉप: घोट्याचा जर्क शाबूत, ईएमजी साफ, तरी एलएमएन?

प्रश्न
वय ३८, उजवा चवडा चार दिवसांपासून उचलता येत नाही. कंबरदुखी नाही. घोट्याचा जर्क (हातोडीने ठोकल्यावर येणारा झटका) दोन्हीकडे सारखा, प्लांटर (तळवा खरवडल्यावर अंगठा) खाली, स्नायूंची झीज नाही, फडफड (त्वचेखाली स्नायूंचं थरथरणं) नाही. ईएमजीत (स्नायूत सुई घालून केलेली विद्युत तपासणी) फिब्रिलेशन (स्नायूतंतूंची आपोआप होणारी विद्युत हालचाल) नाही. लोअर मोटर न्यूरॉनची (एलएमएन: मज्जारज्जूतून स्नायूपर्यंत जाणारी चेतापेशी) इजा नाही असं धरावं का?

उत्तर १
अजिबात नाही. घोट्याचा जर्क एस१ चा (मणक्यातून निघणारी एक चेतामुळी), टिबियल नसेतून (पायाच्या मागच्या चेतेतून) जाणारा. चवडा उचलणारे स्नायू एल४-एल५ चे, पेरोनियल नसेवरचे (गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने जाणारी चेता). त्यामुळे जर्क शाबूतच राहणार. झीज डोळ्यांना दिसायला दोन-तीन आठवडे लागतात.

प्लांटरवर तर इथे विसंबूच नका. अंगठा वर नेणारा स्नायूच लुळा असेल तर मेंदूच्या इजेतही अंगठा वर जाणार नाही. त्याऐवजी गुडघ्याचा जर्क, क्लोनस (पाऊल झटकन वर दाबल्यावर येणारे लागोपाठ झटके) आणि टोन (स्नायूंचा ताठपणा) बघा.

उत्तर २
इजा नसेत की मुळीत, हे पाऊल आत वळवायला लावून कळतं. मात्र आधी हाताने घोटा ९० अंशांवर धरा. लोंबत्या पावलात ही हालचाल उगाच कमजोर वाटते. आत वळवायची ताकद पूर्ण, बाहेर वळवायची कमी: पेरोनियल नस. आत वळवणंही कमजोर, शिवाय कुशीवर झोपवून मांडी वर उचलताना ताकद कमी: एल५ मुळी.

उत्तर ३
चौथ्या दिवशी ईएमजीत फिब्रिलेशन दिसणार नाहीच. अ‍ॅक्सॉन (चेतापेशीचा लांब तंतू) तुटला तरी खालचा तुकडा काही दिवस विद्युत संदेश नेतो. चेतापुरवठा तुटलेल्या स्नायूतंतूवर अ‍ॅसिटिलकोलिनचे (चेतेचा संदेश देणारं रसायन) रिसेप्टर सर्वत्र पसरतात, तंतू आपोआप विद्युत संदेश सोडू लागतो. ते फिब्रिलेशन दोन-तीन आठवड्यांनी सुईवर दिसतं. (त्वचेखाली दिसणारी फडफड वेगळी, ती अख्ख्या मोटर युनिटची, म्हणजे एक चेतापेशी आणि तिच्या सगळ्या स्नायूतंतूंची.) तेव्हा तीन आठवड्यांनी पुन्हा करा, सोबत सुपरफिशियल पेरोनियलचा (पेरोनियलची एक फांदी) संवेदी प्रतिसादही घ्या. मुळीच्या इजेत तो टिकतो, कारण संवेदी पेशींची गाठ इजेच्या पलीकडे, पायाच्या बाजूला असते.

उत्तर ४
मांडी घालून किंवा उकिडवं तासन्‌तास बसणं झालं का, ते विचारा. खुरपणीच्या कामात नस फिब्युलाच्या (नडगीबाहेरचं बारीक हाड) मानेशी अशीच दाबली जाते. तिथेच बोटाखाली नस फिरवून दोन्ही पाय ताडून बघा. जाड किंवा दुखरी लागली तर कुष्ठरोगाची शंका घेऊन अंगभर बधिर चट्टे शोधा. कुष्ठरोगाची इजा सहा महिन्यांच्या आतली असेल तर स्टिरॉइडने ताकद परत येऊ शकते, म्हणून ही तपासणी पुढच्या ईएमजीपर्यंत लांबवू नका.