मदत हवी आहे: 'कम्प्राइज' (एखाद्यात अमुक भाग असणं) हा इंग्रजी शब्द वाक्यात नेमका कसा बसवायचा?

नमस्कार मंडळी,

साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीकडे जाताना रस्त्यालगत आमचं होमस्टे आहे. फुलांच्या हंगामात परदेशी पाहुणेही मुक्कामाला येतात, त्यातले बरेच वनस्पतींचे अभ्यासक. त्यांच्या खोलीत ठेवायला एकपानी इंग्रजी माहितीपत्रक तयार करतेय. बाकी मजकूर झाला, पण 'कम्प्राइज'पाशी घोडं अडलंय.

पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. त्यातली महाराष्ट्रातली चार म्हणजे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. यावर मी लिहिलेली तीन वाक्यं अशी:

'द सह्याद्री क्लस्टर कम्प्राइझेस ऑफ फोर साइट्स.'
'कोयना अँड चांदोली कम्प्राइज द सह्याद्री टायगर रिझर्व्ह.'
'द फ्लॉवर्स ऑफ कास कम्प्राइज बालसम अँड स्मिथिया.'

पुण्यात नोकरी करणारा भाचा म्हणतो, ऑफिसच्या मेलमध्ये सगळे 'कम्प्राइझेस ऑफ'च लिहितात, बिनधास्त ठेव. आमच्या गावातले निवृत्त इंग्रजीचे सर म्हणतात, आधी तो 'ऑफ' काढ. आणि छापील मजकुरात तर 'इज कम्प्राइज्ड ऑफ' सर्रास दिसतं. पाहुणे तोंडावर काही बोलणार नाहीत, पण हा कागद आमच्या मुलखाची ओळख म्हणून कुणाच्या तरी बॅगेतून लांबवर जाणार. तो नीटच असायला हवा. कुणी समजावून सांगेल का?

प्रतिसाद: कृष्णाकाठ

ताई, मी सांगलीत दस्तऐवजांची भाषांतरं करतो, हा शब्द रोज हाताखालून जातो. तुमचे सर बरोबर आहेत. 'कम्प्राइज'च्या पोटातच 'ऑफ' आहे, वेगळा लावायचा नाही. 'द क्लस्टर कम्प्राइझेस फोर साइट्स', एवढंच. 'ऑफ' सोडवत नसेल तर क्रियापद बदला आणि 'कन्सिस्ट्स ऑफ' लिहा. ते साधं आहे आणि कुठेही चालतं.

आता दुसरं वाक्य, खरी गोम तिथे आहे. 'कम्प्राइज'मध्ये अख्खी वस्तू आधी येते, तिचे भाग नंतर. आपण मराठीत म्हणतो, 'कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प होतो.' म्हणजे भाग आधी, अख्खं नंतर. तेच डोक्यात ठेवून इंग्रजी लिहिलं की वाक्य उलटं पडतं. त्यापेक्षा मनात 'सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान येतात' असं म्हणा आणि त्याच क्रमाने लिहा: 'द सह्याद्री टायगर रिझर्व्ह कम्प्राइझेस कोयना वाइल्डलाइफ सँक्चुअरी अँड चांदोली नॅशनल पार्क.' 'मिळून' ठेवायचंच असेल तर त्यासाठी 'कॉन्स्टिट्यूट' किंवा 'मेक अप' आहे. भागांपासून सुरू होणारं तुमचं वाक्य त्या क्रियापदांनी नीट उभं राहतं.

तिसऱ्या वाक्यात मात्र हा शब्द नकोच. 'कम्प्राइज' म्हटलं की वाचणारा यादी पूर्ण समजतो. कासवर साडेआठशेच्या आसपास वनस्पती नोंदल्यात आणि तुम्ही नावं दिलीत दोन. अभ्यासक ते वाचून गोंधळेल. तेरडा, कवला ही नुसती उदाहरणं आहेत, तिथे 'इन्क्लूड' हवं.

प्रतिसाद: माणदेशी

'इज कम्प्राइज्ड ऑफ'बद्दल थोडं. ते सरसकट चूक म्हणता येत नाही. भाग मिळून अख्खं बनतं या अर्थाने 'कम्प्राइज' इंग्रजीत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात असल्याचं मेरियम-वेबस्टर कोश सांगतो, आणि ही रचना त्यातूनच आली. त्या हिशेबाने तुमचं दुसरं वाक्यही कोशात बसतं. पण इंग्रजीचे अनेक काटेकोर संपादक आजही दोन्ही खोडतात. जिथे दोन मतं आहेत तिथे आपण सगळ्यांना चालेल तेच लिहावं. 'इज कम्पोज्ड ऑफ' लिहिलंत तर कुणी बोट ठेवणार नाही. भाच्याचं 'कम्प्राइझेस ऑफ' मात्र मेलमध्ये कितीही चालो, छापू नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. 'मिळून' आणि 'येतात' यातला फरक वाचला आणि लख्ख कळलं. वाक्यं दुरुस्त केली. फुलांच्या वाक्यात आता 'इन्क्लूड' घालून सीतेची आसवंही वाढवली आहेत.

आणखी एक शंका. होमस्टेच्या माहितीत 'अवर होमस्टे इज कम्प्राइजिंग थ्री रूम्स अँड अ किचन' असं आहे. इथे 'ऑफ' नाही, मग हे ठीक ना?

प्रतिसाद: कृष्णाकाठ

'इज' काढा ताई. खोल्या आहेत त्या आहेतच, ती काही चालू असलेली क्रिया नाही. म्हणून 'कम्प्राइझेस थ्री रूम्स अँड अ किचन'. 'कम्प्राइजिंग' चालतं ते नामाला चिकटून आलं तर: 'अ होमस्टे कम्प्राइजिंग थ्री रूम्स अँड अ किचन'. मात्र तेवढ्यावर वाक्य पूर्ण होत नाही, पुढे क्रियापद लागतं.

आणि खरं सांगू का, खोल्यांसाठी एवढा भारदस्त शब्द कशाला? वारसास्थळांच्या ओळीत तो शोभतो. घराबद्दल सरळ 'वी हॅव थ्री रूम्स अँड अ किचन' लिहा, पाहुण्याला घरच्या माणसाने सांगितल्यासारखं वाटेल.