मदत हवी आहे: लाईट गेली की घरच्या सर्व्हरवरची गाणी गायब

मंडळी, बाबांच्या कॅसेटी अन सीड्या मिळून १८० जीबी फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेल्या ऑडिओ फाईली) झालंय, रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) वर नॅव्हिड्रोम (घरच्या घरी गाणी स्ट्रीम करायचा सर्व्हर) टाकून यूएसबी हार्डडिस्कवरून वाजवतो, एरवी झकास चालतं. पण आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी लाईट जाते आणि आली की पाय लगेच उठतो, डिस्क मागनं रडतखडत जागी होते, तोवर सर्व्हर रिकामा फोल्डर बघून मोकळा. मग आईचा ऑफिसात फोन, "अरे तुझ्या डब्यात एकपण गाणं नाहीये!"

एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणारी लिनक्सची फाईल) यूयूआयडी (डिस्कची कायमची ओळख) आणि नोफेल (डिस्क नसली तरी बूट पुढे जाऊ दे) दोन्ही टाकलंय. बूट अडकत नाही, पण बहुतेक त्यामुळेच डिस्क नसतानाही सगळं बिनधास्त सुरू होतं. सिस्टमडीच्या (लिनक्सवर प्रोग्रॅम सुरू-बंद करणारी यंत्रणा) सर्व्हिस फाईलमध्ये 'रिक्वायर्स माउंट्स फॉर', म्हणजे डिस्क जोडली गेल्याशिवाय सर्व्हर सुरू करू नको, असं टाकलं तर भागेल का? कोणी केलंय?

दुसरं, पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतो, माझ्या डिस्कला वेगळा अडॅप्टर नाही, म्हणजे पॉवरवाला (स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा) यूएसबी हब घेऊ का? आणि राउटरचा मिनी यूपीएस १२ व्होल्टचा आहे, पायला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात, तर दोन्ही आउटपुट देणारा एखादा वापरताय का कोणी?

बॅकअप नाहीये, माहितीये, शिव्या नंतर घाला 😅