भाच्यासाठी प्लेस्टेशन घ्यावा की गेमिंग पीसी? सांगलीकरांनो, बोला

विश्रामबागकर

भाचा दहावी पास झाला. निकालाआधी मी बोलून बसलो होतो, ऐंशीच्या वर गेलास तर मामा तुला गेम घेऊन देईल. पठ्ठ्यानं ८४ काढले. आता ताई रोज फोन करते, "काय घेणार ते एकदा ठरव, पोरगं ताटावर बसलं तरी तेच बोलतंय." बजेट ६० हजार, फार ताणलं तर ६५.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे भांडायला बरं. प्लेस्टेशन. २०१० साली इंजिनिअरिंगला असताना मी पीसी जोडला होता. पहिल्या वर्षी ग्राफिक्स कार्ड बदललं. दुसऱ्या वर्षी त्या कार्डाला वीज पुरेना म्हणून वीज पुरवणारा डबा, एसएमपीएस. तिसऱ्या वर्षी रॅम. खेळलो त्यापेक्षा जास्त वेळ ड्रायव्हर टाकण्यात गेला. प्लेस्टेशनसारख्या कन्सोलला, म्हणजे नुसत्या गेमच्या यंत्राला, टीव्हीची वायर लावली, बटण दाबलं, विषय संपला. आणि टिकतो किती बघा: प्लेस्टेशन ४ आला २०१३ ला, आणि २०२२ चा गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक त्यावरही निघाला. नऊ वर्षं जुन्या पीसीवर कुणी नवाकोरा मोठा गेम चालवून दाखवा, मी त्याला भडंगाचं पोतं देतो.

पीसीवाल्यांनी यावं. पण पॉवर-बिवर सांगू नका. परवडतं काय आणि टिकतं काय, तेवढंच.

एसएमपीएस_राव

मामा, २०१० चं दुखणं आज दाखवू नका. आणि नऊ वर्षांचं कौतुक अर्धंच सांगितलंत. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० ला आला तेव्हा तुमच्या त्याच प्लेस्टेशन ४ वर तो इतका रखडत चालला की सोनीनं आठवड्याभरात तो आपल्या स्टोअरवरून काढला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. परत आला तो २०२१ च्या जूनमध्ये. गेम 'निघाला' आणि गेम 'चालला' यात फरक असतो.

आता परवडण्याचं. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ ला आला ४९,९९० ला. एप्रिल २०२४ मध्ये त्याचाच बारीक अवतार, स्लिम, आला तो ५४,९९० ला. तीन वर्षं जुनं यंत्र, आतला प्रोसेसर तोच, आणि भाव पाच हजारांनी वर. बरं, हा नुसता विसार झाला. मोठा गेम नवा घ्यायचा तर पाच हजारांच्या घरात. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचं तर बहुतेक विकतच्या गेमना वरून प्लेस्टेशन प्लसची वर्गणी. पीसीवर ऑनलाइनचे पैसे कुणी मागत नाही. स्टीम म्हणजे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान, तिथं २०१५ पासून रुपयात भाव आहेत, सेलमध्ये दोन वर्षं जुना गेम सातशे-आठशेला उचलता येतो. एपिक नावाच्या तसल्याच दुकानवाले तर फुकट वाटतात. मे २०२० मध्ये जीटीए ५ फुकट दिला होता. त्या आठवड्यात ज्यानं क्लिक केलं त्याच्याकडे तो अजून आहे.

तुमच्या भाच्याला कन्सोल द्या आणि दर वाढदिवसाला एक डिस्क द्यायची तयारी ठेवा.

डिस्कवाला_मिरज

राव, डिस्कचं गणित तुम्हाला कुणी सांगितलंच नाही वाटतं. आम्ही मिरजेत पाच जण आहोत. डिस्क एक, घरं पाच. प्रत्येकी हजार काढायचे, पंधरा-पंधरा दिवस वाटून घ्यायचे, सगळ्यांचं संपलं की विकून टाकायची. मागची डिस्क अडीच हजाराला गेली, म्हणजे माणशी पाचशे पडले. तुमच्या स्टीमवरचा गेम विकून दाखवा. मेल्यावर वारसालासुद्धा देता येत नाही म्हणे!

विश्रामबागकर, एकच काळजी घ्या. डिस्कची खाच असलेलाच घ्या. बिनखाचेचा डिजिटल स्वस्त दिसतो, तिथेच माणूस फसतो. मग स्टोअर सांगेल तो भाव.

आणि पीसीवाल्यांनी भावाबद्दल बोलावं म्हणजे कमालच. २०२१ साली ग्राफिक्स कार्ड घ्यायला गेला होता का कुणी? सगळी कार्डं इथेरियम नावाचं डिजिटल चलन काढायच्या खाणीत जुंपलेली. माझा चुलतभाऊ पुण्याला तपकीर गल्लीत दोन चकरा मारून रिकाम्या हातानं परत आला. छापील भावाच्या दीडपट सांगत होते आणि वर "घ्यायचंय तर घ्या". सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं ती पद्धतच बंद केली, मग भाव माणसांत आले.

कॅसेट_फुंक्या

काय राव, पाचशे आणि हजार. आमच्या वेळी टीव्ही गेम यायचा, पिवळी कॅसेट, वर लिहिलेलं '९९९९ इन १'. आत मोजून सात गेम, तेच फिरून फिरून. चाललं नाही की कॅसेट काढायची, खालच्या पट्टीत फुंकर मारायची, परत ठोकायची. वॉरंटी म्हणजे आपला श्वास.

मत विचाराल तर कन्सोल. फुंकर मारून चालतं ते खरं यंत्र.

हळद_यार्ड

फुंकरीवरून आठवलं म्हणून लिहितो, एरवी मी वाचून गप्प बसतो.

आमचा मार्केट यार्डात हळदीचा गाळा आहे. गाळ्यातच पीसी. दिवसा टॅली, संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की फोर्झा, गाड्यांच्या शर्यतीचा गेम. गेल्या दिवाळीत मशीन तापून आपोआप बंद पडायला लागलं. बाजूची पत्र्याची दारं काढली तर आत सगळं पिवळं. पंख्याच्या पात्यांवर हळदीचा असा थर, की बोटानं नाव लिहावं. प्रोसेसरवरच्या जाळीत तर वडी जमली होती. चार स्क्रू, एक रंगाचा ब्रश, शेजारच्या गॅरेजातला ब्लोअर. वीस मिनिटांत काम झालं. प्रोसेसरची उष्णता बाहेर काढणारी नवी पेस्ट लावली दीडशे रुपयांची. आजतागायत बंद पडलेलं नाही.

धाकट्या भावाचा कन्सोल त्याच गाळ्यात होता. प्लेस्टेशन ५ ची बाजूची पांढरी पाटी निघते, खाली धूळ ओढायची दोन भोकं दिलेली आहेत, ती सोय चांगली. पण आमची हळद तिथं थांबली नाही, आत उष्णता ओढणाऱ्या जाळीपर्यंत, हीटसिंकपर्यंत गेली. तिथं जायचं तर स्टिकर फाडावं लागतं. आणि आत साधी पेस्ट नसते, पातळ धातू असतो, तो सांडला की बोर्डाचा कारभार आटोपला. इथं हात लावायला कुणी तयार होईना. शेवटी पुण्याला एकाकडे पाठवला, तीन आठवड्यांनी आला.

म्हणून माझं मत पीसी. जे आपल्या हातानं उघडता येत नाही ते आपलं नव्हे.

डिस्कवाला_मिरज

दादा, हळदीच्या गाळ्यात कन्सोल ठेवणाऱ्यानं कन्सोलला नावं ठेवू नयेत! भाचा काही पोत्यांवर बसून खेळणार नाही.

हळद_यार्ड

ते खरं. पण पाच वर्षांत धूळ सगळ्यांच्याच घरात बसते. आमच्याकडे रंग दिसतो एवढंच.

कृष्णाकाठ

गावभागातला आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा माझ्याकडे दोन्ही होतं, खाली पीसी आणि वर टीव्हीजवळ प्लेस्टेशन ४. तिसऱ्या दिवशी बोट आली. माणशी एकच पिशवी म्हणाले. आईनं देव, औषधं आणि घराची कागदपत्रं घेतली. मी कपड्यांच्या आत प्लेस्टेशन गुंडाळला. पीसी तोपर्यंत पाण्याखालीच होता, उचलून कुठं नेणार.

परत आलो तेव्हा कॅबिनेटमध्ये वीतभर गाळ. एसएमपीएस आणि मदरबोर्ड सरळ भंगारात गेले. पण रॅम आणि ग्राफिक्स कार्ड साध्या पाण्यानं धुतलं, मग आयपीए (सफाईचं अल्कोहोल) आणि टूथब्रश, मग आठवडाभर उन्हात. दोन्ही चालू झालं. ते कार्ड २०२३ पर्यंत वापरलं.

यावरून कोण जिंकलं ते तुम्ही ठरवा. मला दोन्ही बाजूंनी सांगता येतं.

एसएमपीएस_राव

पीसी जिंकला! पुरात बुडून अर्धा जिवंत राहिला.

डिस्कवाला_मिरज

बोटीत कोण बसलं ते बघा की.

कुपवाडची_आई

तुम्ही सगळे यंत्राबद्दल बोलताय, मी घराबद्दल बोलते. माझा मुलगा आता बारावीला आहे. दोन वर्षांपूर्वी "आई, कोडिंगला लागतो" म्हणून पीसी घेतला. तो गेला त्याच्या खोलीत. दार लोटलेलं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "असाइनमेंट करतोय." मी दार उघडायच्या आत खिडकी बदललेली असते, एवढी चपळाई मी त्याच्यात मैदानावर पाहिली नाही.

पीसी म्हणजे अभ्यासाचा परवाना. कन्सोलला तो परवाना नाही. तो हॉलमध्ये असतो, खेळतोय म्हणजे खेळतोयच, आणि तासानं "पुरे" म्हणता येतं. तुमच्या ताईंना एकदा विचारा की त्यांना काय हवंय. मामा देऊन मोकळा होतो, सांभाळायचं तिला असतं.

लालपरी_मॉडवाला

काकू, तुमचं म्हणणं मान्य, पण दुसरी बाजू सांगतो. मी पण दार लोटून बसणारा होतो. जीटीए सॅन अँड्रियास. गेममध्ये बसेस होत्या, पण आपली एसटी नव्हती. मग नेटवर शोधून एका बसचं मॉडेल उघडलं, लाल रंग लावला, पिवळा पट्टा मारला, पाटीवर 'सांगली-मिरज' लिहिलं. पहिल्यांदा गेममध्ये टाकली तर चाकं बसच्या वर फिरत होती. चार रात्री लागल्या ती खाली आणायला. पुढं त्यातूनच थ्रीडीचा कोर्स केला, आज पोट त्याच्यावर आहे. हे त्या काळात प्लेस्टेशन २ वर झालं असतं का? गेम तोच होता, पण कन्सोल फक्त खेळू देतो. आत हात घालू देत नाही.

आणखी एक. राजी नावाचा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्सनी बनवला, २०२० ला आला. पहिल्यांदा कुठं आला? निन्टेन्डो स्विचवर, जो भारतात अधिकृतपणे विकलाच जात नव्हता! पुण्यातला गेम पुण्यातल्या दुकानात मिळणाऱ्या यंत्रावर यायला ऑक्टोबर उजाडला. बनला मात्र पीसीवरच. पोरगं अकरावी सायन्सला जाणार असेल तर त्याला बनवायच्या बाजूला बसवा.

कुपवाडची_आई

बाळा, तुझं चांगलं झालं, आनंद आहे. शंभरातला एक तुझ्यासारखा निघतो. बाकीच्यांची चाकं अजून वरच फिरतायत.

विश्रामबागकर

काकूंचा मुद्दा बसला. ताईला विचारलं. ती म्हणाली, "हॉलमध्ये राहणार असेल तर चालेल." पण मग भाच्यालाही विचारलं आणि घोळ वाढला. त्याला दोन गोष्टी पाहिजेत. मित्रांबरोबर व्हॅलोरंट, म्हणजे ऑनलाइन बंदुकांचा गेम, आणि जीटीए ६.

एसएमपीएस_राव

संपलं की! व्हॅलोरंट पीसीचाच खेळ. फुकट आहे, आणि ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवरसुद्धा चालतो. कन्सोलवर २०२४ ला आणला खरा, पण कन्सोलवाले पीसीवाल्यांशी खेळूच शकत नाहीत. मित्र एका खोलीत, हा दुसऱ्या.

डिस्कवाला_मिरज

आणि जीटीए ६? जाहीर झालाय तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी. पीसीचं नावही घेतलेलं नाही. जीटीए ५ कन्सोलवर २०१३ च्या सप्टेंबरला आला, पीसीवर २०१५ च्या एप्रिलला. रेड डेड २ लाही वर्षभर थांबवलं होतं. भाचा बारावीला जाईल वाट बघत.

एसएमपीएस_राव

तेच बरं ना मग, अकरावीचा अभ्यास होईल.

विश्रामबागकर

हे जरा जास्त होतंय राव. ताईकडे लॉकडाऊनमध्ये घेतलेला जुना पीसी आहे, आय-थ्री, कार्ड नाही. त्यावर व्हॅलोरंट चालेल का? चालला तर प्लेस्टेशन घेऊन मोकळा होतो.

एसएमपीएस_राव

खरं सांगायचं तर चालेल. आठ जीबी रॅम आहे का बघा, नसेल तर एक पट्टी वाढवा. पण विंडोज कुठलं आहे? १० असेल तर मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०२५ ला ते सांभाळणं थांबवलंय. आणि ११ टाकलंत तर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही मशीनची सुरक्षेची सोय चालू आहे का ते तपासतो. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू करावं लागतं. घाबरू नका, दहा मिनिटांचं काम आहे. रविवारी गणपती पेठेकडे येणार असाल तर घेऊन या, मी करून देतो.

डिस्कवाला_मिरज

बघा मंडळी, कन्सोलला कधी बायोसमध्ये जावं लागलंय का!

विश्रामबागकर

राव, रविवारी येतो. आणखी एक अडचण मात्र कालच लक्षात आली. ताईकडे टीव्ही एकच. साडेसात ते दहा तिच्या सासूबाईंच्या मालिका. त्या वेळेत रिमोटला हात लावायची माझी हिंमत नाही, भाच्याची तर नाहीच. क्लासवरून पोरगं येतं सातला. म्हणजे कन्सोल आणून दाखवायलाच ठेवायचा.

कुपवाडची_आई

😀 हे मी विसरलेच. आमच्याकडे सासूबाई सव्वानऊला झोपतात.

कृष्णाकाठ

टीव्हीच लागतो असं नाही. एचडीएमआयचा कुठलाही मॉनिटर चालतो, हॉलमध्येच कोपऱ्यात टेबलावर ठेवा. दोन्ही अटी पुऱ्या. एक करा, छोटा यूपीएस घ्या, ६०० व्हीएचा. साधारण ३६० वॅट देतो. प्लेस्टेशन ५ खेळताना दोनशेच्या आसपास ओढतो, मॉनिटरचे वीस-पंचवीस. लाईट गेली तरी गेम सेव्ह करून नीट बंद करण्याएवढा वेळ मिळतो. आमच्याकडे पावसाळ्यात दिवसाला तीनदा जाते, सेव्ह होताना गेली की पुढच्या वेळी कन्सोल सगळी साठवण तपासत बसतो.

विश्रामबागकर

आवाजाचं काय? मॉनिटरला स्पीकर नसतात. मालिका चालू असताना हॉलमध्ये बंदुका वाजल्या तर मला त्या घरात परत चहा मिळायचा नाही.

डिस्कवाला_मिरज

कंट्रोलरलाच हेडफोनची पिन लागते मामा. साधा मोबाईलचा हेडफोन चालतो. आजींना पत्तासुद्धा लागणार नाही.

विश्रामबागकर

मग ठरलं. डिस्कची खाच असलेला प्लेस्टेशनच घेतो. मॉनिटर नवा घेतला तर बजेट पुढं सरकतं. कुणाकडे जुना पडून आहे का?

हळद_यार्ड

माझ्याकडे आहे. २२ इंची, फुल एचडी, एचडीएमआय. गाळ्यातला जुना. दोन हजार द्या, केबल वरून देतो. चित्र एकदम स्वच्छ, पण आधीच सांगतो, काठाला पिवळी झाक आहे. तीन वेळा पुसलंय, जात नाही.